मदत हवी आहे : वणव्याची जबाबदारी निश्चित करण्यासाठी माहिती अधिकारात नेमके काय मागावे?

नमस्कार. त्र्यंबकेश्वर तालुक्यात वनहद्दीला लागून आमची शेती आहे. यंदा मार्चमध्ये डोंगरावरून उतरलेला वणवा आम्ही निरगुडीच्या ओल्या फांद्यांनी रात्री उशिरापर्यंत झोडपत राहिलो, तरीही गोठ्यामागची पेंढ्याची गंजी आणि आंब्याची चाळीस कलमे गेली. ठिबकची नळी वितळून मातीला अशी चिकटली आहे की ती अजून खुरप्याने खरवडून काढतो आहोत.

वनविभागाने हिवाळ्यानंतर गवत कापून जाळरेषा (आग अडवणारा मोकळा पट्टा) काढली असती, तर आग वरच अडली असती, असे माझे ठाम मत आहे. संबंधित कार्यालय मात्र आग खासगी जागेतूनच लागल्याचे तोंडी सांगते. हे मनाला फार लागते, कारण विझवायला पहिले आम्हीच धावलो होतो.

डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांनी टिपलेल्या आगींच्या सूचना राज्यांच्या वनविभागांना पाठवते. त्या दिवशीच्या सूचनेची वेळ आणि अक्षांश-रेखांश, तसेच जाळरेषेच्या कामाची मोजमाप पुस्तिका व देयके, माहिती अधिकार अधिनियम, २००५ अन्वये मागणार आहे. असा अर्ज कुणी केला असल्यास त्याची शब्दरचना सांगाल का? ३० दिवसांत उत्तर न आल्यास पहिल्या अपिलात कशावर भर द्यावा? आणि पंचनाम्यात आंब्याच्या कलमांची नोंदच नाही. ती आता, जळकी खोडे उभी आहेत तोवर, कशी करून घ्यावी?