शिक्षेचा अधिकार सहाव्या सत्राच्या हाती असावा का?

खडकवासलेकर: खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत तीन वर्षांची सहा सत्रे असतात आणि शेवटच्या सत्रातल्या निवडक छात्रांना अकादमी कॅडेट कॅप्टन, बटालियन कॅडेट कॅप्टन, स्क्वॉड्रन कॅडेट कॅप्टन, डिव्हिजन कॅडेट कॅप्टन अशी, म्हणजे छात्रांच्या लहानमोठ्या तुकड्यांच्या प्रमुखांची, पदे मिळतात. पहाटेच्या फॉल-इनला, म्हणजे रांगेतल्या हजेरीला, कोण नाही, कोणाच्या बुटांना चकाकी नाही, सायकलींची रांग वेळेवर निघाली की नाही, हे अधिकाऱ्यांच्या आधी त्यांनाच कळते. इथपर्यंत माझी काहीच हरकत नाही. मात्र एकवीस वर्षांच्या मुलाने अठरा वर्षांच्या मुलाला रगडा द्यावा, म्हणजे शिक्षा म्हणून फ्रंट रोल (कोलांट्या) मारायला लावावेत, हे मला पटत नाही. हजेरी घेणे ही जबाबदारी झाली. रगडा ही सत्ता झाली.

माजी छात्र: सत्ता दिसते, तिची किंमत दिसत नाही. स्क्वॉड्रनमध्ये काही बिनसले की स्क्वॉड्रन कमांडर या अधिकाऱ्यासमोर आधी कॅडेट कॅप्टनच उभा राहतो. पुढे डेहराडूनच्या भारतीय सैन्य अकादमीत एक वर्ष काढून हाच मुलगा लेफ्टनंट होतो, तेव्हा त्याच्या हाताखाली वडिलांच्या वयाचा सुभेदार असतो. त्याला 'इथे चुकले' असे सांगण्याची सवय त्याने कुठे करायची? ज्यांचे नाव प्रबोधिनीच्या संचलन मैदानाला दिले आहे, ते १९७१ च्या युद्धातील परमवीर अरुण खेतरपाल हेही फॉक्सट्रॉट स्क्वॉड्रनचे कॅडेट कॅप्टन होते.

खडकवासलेकर: सुभेदाराला लेफ्टनंट फ्रंट रोल मारायला लावत नाही, उलट पहिले वर्षभर त्याच्याकडूनच शिकतो. मग सराव नेमका कशाचा होतो? खेतरपालांनी जळता रणगाडा सोडला नाही, यापुढे मी नतमस्तक आहे. पण त्यावरून शिक्षेचा अधिकार कसा सिद्ध होतो, ते मला समजले नाही.

एक पालक: २०२२ पासून मुलीही तिथे शिकतात आणि मे २०२५ मध्ये त्यांची पहिली तुकडी बाहेर पडली. त्यामुळे हा प्रश्न आता आमच्याही घरात बोलला जातो. कॅडेट कॅप्टनने चूक वहीत नोंदवावी आणि शिक्षा डिव्हिजनल ऑफिसरने, म्हणजे छात्रांवर नेमलेल्या लष्करी अधिकाऱ्याने, ठरवावी, असे का होऊ नये?

माजी छात्र: मग तो कॅप्टन उरत नाही, कारकून होतो. क्रॉसकंट्रीच्या दिवसांत, ज्याने सकाळी मला रगडा दिला होता, तोच पाचव्या सत्राचा कॅडेट सार्जंट मेजर, म्हणजे पद मिळालेला ज्येष्ठ छात्र, रात्री माझ्या कॅबिनमध्ये येऊन टाचेवरचे फोड पाहून गेला. या दोन गोष्टी माझ्या मनात आजही वेगळ्या होत नाहीत.

खडकवासलेकर: फोड पाहणारा ज्येष्ठ छात्र मलाही हवाच आहे. त्यासाठी सकाळचा रगडा का लागतो, एवढेच आपण सांगावे.