मॅच सुरू असताना टीव्ही अडकतो आणि सिक्स वरच्या मजल्यावर आधी कळतो : मदत हवी आहे

स्ट्रेटड्राइव्ह
नमस्कार मंडळी. नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ फ्लॅट आहे. साडेसातची मॅच लावली की आठ वाजेपर्यंत सगळं ठीक, मग गोल चक्र फिरायला लागतं. थोड्या वेळाने चित्र इतकं धुरकट होतं की बॉल दिसतच नाही. नेट १०० एमबीपीएसचं आहे, स्पीड टेस्टला ९० च्या वर येतं, म्हणजे तिकडे काही दोष नाही. त्यात वरच्या मजल्यावर आरडाओरडा होतो तेव्हा आमच्याकडे बॉलर अजून रनअपला वळलेलाही नसतो. २०० चा प्लॅन घेऊ की टीव्ही बदलू? उद्या परत मॅच आहे, जरा लवकर सांगा.

तारवाला_सिडको
स्पीड टेस्ट कशावर केली, मोबाइलवर की टीव्हीवर? राउटर कुठे ठेवलाय? टीव्ही वायफायवर आहे की लॅन केबलवर? एवढं कळल्याशिवाय काही सांगता येणार नाही. तोवर प्लॅन वाढवू नका.

गोदाकाठ
सरळ दोन नगांचा मेश घ्या, म्हणजे एकमेकांना वायफाय पुढे देणारे राउटर. घरभर एकसारखी रेंज मिळते, विषय संपला.

तारवाला_सिडको
@गोदाकाठ, दुखणं कुठे आहे ते कळण्याआधीच औषध? स्वस्तातला मेश एकाच रेडिओवर मागून घेतो आणि पुढे देतो, त्यात वेग जवळपास निम्मा होतो. दुसरा नग लोक टीव्हीच्या शेजारी ठेवतात, तेही चूक. तो राउटर आणि टीव्हीच्या मधोमध लागतो, नाहीतर त्यालाच सिग्नल अर्धवट मिळतो.

गोदाकाठ
म्हणून तर तीन बँडचा घ्यावा, त्यात मधल्या दुव्याला वेगळा रेडिओ असतो. भिंतींवरून वायरी लोंबकळत ठेवण्यापेक्षा बरं.

पॉइंटवरून_थ्रो
टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये मोशन स्मूदिंग चालू असेल तर आधी बंद करा. कंपनीगणिक नाव वेगळं असतं. दोन फ्रेमच्या मध्ये टीव्ही स्वतः फ्रेम बनवून घालतो, आणि वेगाने जाणाऱ्या बॉलच्या बाबतीत त्याचा अंदाज चुकतो. बॉलला शेपूट दिसतं, कधी बॉल मधूनच गायब होतो. शार्पनेसही बराच खाली आणा, म्हणजे हिरवळीवरची मुंग्या आल्यासारखी वळवळ जाते.

स्ट्रेटड्राइव्ह
पॉइंटवरून_थ्रो, चित्राचा प्रश्न नाहीये हो, अडकतंय ते सांगतोय. तारवाला, टेस्ट मोबाइलवर केली, राउटरजवळ उभं राहून. राउटर बेडरूममध्ये कपाटावर आहे. टीव्ही वायफायवर.

तारवाला_सिडको
कपाट लोखंडी? टीव्ही वायफायच्या कोणत्या बँडवर (लहरींच्या पट्ट्यावर) आहे, २.४ गिगाहर्ट्झ की ५? आणि टीव्हीच्या ब्राउझरमध्ये टेस्ट करा, तीही रात्री साडेआठला. दुपारचा आकडा इथे कामाचा नाही.

स्ट्रेटड्राइव्ह
हो, लोखंडी. २.४ वर आहे, ५ चं नाव टीव्हीच्या यादीत येतच नाही. आत्ता टेस्ट केली, ४ आला!

तारवाला_सिडको
मग नळी घरातच चोंदली आहे. बाहेरून २०० आणलं तरी टीव्हीला ४ च मिळणार. फुल एचडीला साधारण ८ एमबीपीएस लागतात, ४के ला २५. लोखंडी पत्रा सिग्नल अडवतो, पुढे दोन भिंती, आणि रात्री आठनंतर इमारतीतले सगळे राउटर जागे. २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच : १, ६, ११. तुमचा राउटर 'ऑटो'वर असेल तर गर्दीतच जाऊन बसला असेल. आज रात्रीपुरतं एवढं करा : राउटर कपाटावरून काढून दाराजवळ छातीच्या उंचीवर ठेवा, चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ करा, आणि मोबाइलवरच्या वायफाय अ‍ॅनालायझरमध्ये तिन्हींपैकी जे मोकळं दिसेल ते चॅनेल लावा.

कायमचा उपाय लॅन केबल. कॅट ६ प्रकारची घ्या, पूर्ण तांब्याची. दुकानातच टोक सोलून तार चाकूने खरवडून बघा, आतून पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम, घेऊ नका. दोन्ही टोकांना रंगांचा क्रम एकच : पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. लाइटच्या वायरीच्या पाइपातून नेऊ नका, स्कर्टिंगवरून केसिंग पट्टीत न्या. बऱ्याच टीव्हींचं लॅन पोर्ट १०० चंच असतं, ते मॅचला भरपूर झालं.

सातपूर_एंड
राउटरला छोटा डीसी यूपीएस (बॅटरीचा डबा) लावा. आधी अडॅप्टरवर १२ व्होल्ट आहे की ९ ते बघा. लाइट गेल्यावर नेट चालू राहतं.

गोदाकाठ
केबलने अडकणं थांबेल, पण उशीर? तो तर तसाच राहणार.

तारवाला_सिडको
बरोबर. उशीर हा वेगळा आजार आहे. स्ट्रीमिंगमध्ये व्हिडिओचे काही सेकंदांचे तुकडे पाडतात, अनेकदा ६ चे, आणि टीव्ही दोन-तीन तुकडे जमा झाल्यावरच दाखवायला लागतो. तिथेच १२ ते १८ सेकंद गेले, त्याआधीचा एन्कोडिंगचा (व्हिडिओ दाबून लहान करण्याचा) वेळ वेगळाच. वरच्या मजल्यावर बहुतेक डिश असणार, तिथे चित्र काही सेकंदांत पोचतं. मात्र दर वेळी चक्र फिरलं की तुम्ही आणखी मागे पडता आणि मागेच राहता. अडकून झालं की 'लाइव्ह'चं बटण दाबत जा.

आजोबा_नाशिकरोड
डीडी फ्री डिश लावा. महिन्याचे पैसे नाहीत. उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे, म्हणजे नाशिकहून छत्रीचं तोंड आग्नेयेला, होकायंत्रावर १३४ च्या आसपास, आणि उंची सुमारे ५७ अंश. छत्री ऑफसेट (सिग्नल तिरका पकडणारी) असते म्हणून त्याहून बरीच उभी दिसते, त्याने गोंधळू नका. मुसळधार पावसात मात्र चित्र फुटतं.

पॉइंटवरून_थ्रो
काका, आयपीएल त्यावर कुठून मिळणार? २००७ च्या कायद्याने खासगी वाहिनीला प्रसारभारतीला सिग्नल द्यावा लागतो तो राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचा, भारताच्या एकदिवसीय आणि टी-ट्वेंटी वगैरे. आयपीएल त्या यादीत नाही.

आजोबा_नाशिकरोड
भारताच्या मॅचसाठीच सांगतोय बाळा. आणि त्या मॅच डीडीवरच्या असल्या तरी डीडीची वाहिनी लावून केबल टीव्हीवर किंवा खासगी डिशवर शोधू नका. २०१७ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर तो सिग्नल फक्त दूरदर्शनच्या स्वतःच्या प्रक्षेपणावर आणि फ्री डिशवर चालतो. रणजीची मॅच नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर लागली तर तिथे जाऊनच बघा, बॅटचा आवाज खरा ऐकू येतो.

स्ट्रेटड्राइव्ह
दुकानातून १५ मीटर तयार केबल आणून नुसती जमिनीवरून टाकली. टीव्हीवर ८८ येतंय, काल शेवटच्या ओव्हरपर्यंत एकदाही चक्र नाही. वरचा ओरडा आणि आमचा बॉल यात आधी ५० सेकंद जायचे, काल मोजले तर ३०. पट्टी रविवारी मारतो. गच्चीवर आधीच्या मालकाची छत्री गंजून पडली आहे, तिचा एलएनबी (छत्रीसमोरचा सिग्नल पकडणारा डबा) चालेल की नवा घेऊ?

आजोबा_नाशिकरोड
एलएनबीवर काय छापलंय? फोटो टाका. वायरीचं टोक हिरवट झालं असेल तर ती वायर आधी बदला.