घरीच भक्कम लॉफ्ट बेड करायचा आहे, सल्ला हवा

खटपट्या:
लेक आठ वर्षांची. खोली लहान, म्हणून वर झोपणं, खाली अभ्यासाचं टेबल असा लाकडी लॉफ्ट बेड स्वतःच करायचं ठरवलंय. चार इंची चौरस खांब घरात पडून आहेत. खर्च फक्त फळ्या आणि नट-बोल्टचा. घर भाड्याचं, त्यामुळे भिंतीला भोक पाडता येत नाही. बेड डुलू नये म्हणून काय करू?

मेघमल्हार:
भिंतीला बांधा. आमचा नुसता उभा होता तेव्हा मुलाने कूस बदलली की करकर. भिंतीत दोन बोल्ट मारले, आवाज बंद.

पटाशी:
भिंत नको म्हणालेत ते. करकर सांध्यातून येते. आडवी तुळई नुसत्या स्क्रूवर लटकवू नका. खांबाला खाच पाडून तिच्यात बसवा, म्हणजे भार लाकूड पेलतं आणि बोल्ट फक्त धरून ठेवतो. 10 मिलिमीटरचा आरपार बोल्ट, दोन्हीकडे मोठे वायसर. मागे आणि एका बाजूला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी पट्टी ठोका. चौकोन कलंडतो, त्रिकोण नाही.

सागवानप्रेमी:
मी सगळा सागवानात केला. दोन मोठी माणसं चढतात, हूं की चूं नाही. पाईनच्या नादी लागूच नका.

निवांत:
एवढी मेहनत कशाला? लोखंडी फ्रेम वेल्डिंग करून घ्या.

पटाशी:
विचारलंय लाकडाचं. आणि सागवान असो वा पाईन, 2 बाय 4 इंचाची फळी आडवी टाकण्याऐवजी कडेवर उभी ठेवली तर तेवढ्याच वजनाला पावपट वाकते. जात नंतर बघा.

सायली_आई:
कठड्याबद्दल कुणीच बोललं नाही! आम्ही आधी कठडा केला, नंतर जाड गादी आणली. गादीच्या वर जेमतेम दोन बोटं उरला. लेक पहाटे खाली, मनगट मोडलं. अमेरिकेतल्या नियमात गादीच्या वर किमान 5 इंच कठडा आणि साडेतीन इंचांपेक्षा मोठी फट नाही. मी तर 8 इंच सांगेन. आधी गादी मोजा.

मेघमल्हार:
तरी म्हणतो, भिंतच.

निवांत:
छताला पंखा आहे का? हात वर केला की पात्याला लागेल.

खटपट्या:
पंखा आहे, आणि तो बेडच्या कडेपासून दीड फुटावर येतोय. हे लक्षातच आलं नव्हतं. तुमच्या प्रश्नाने डोळे उघडले.

सागवानप्रेमी:
मग पंखा हलवा. बेड पूर्ण उंचीचाच करा, नाहीतर खाली टेबल बसणार कसं?

पटाशी:
खरंय, कमी उंची केलीत तर मूळ हेतूच गेला.

खटपट्या:
सगळ्यांचं वाचलं, तरी उंची चार फूटच ठेवतोय. टेबल खिडकीपाशी जाईल, बेडखाली पुस्तकांचं कपाट आणि तिचा वाचनकोपरा. बसल्यावरही डोकं पात्यांच्या बरंच खाली राहील. भिंतीला हात लावणार नाही. खाचा, तिरक्या पट्ट्या आणि 8 इंची कठडा मात्र नक्की. शिडीला गोल दांड्यांऐवजी रुंद पायऱ्या, अनवाणी पायांना बोचायला नकोत.

पटाशी:
लाकूड सुकलं की बोल्ट ढिले पडतात. महिन्याभराने पाना घेऊन सगळे एकदा आवळा.