मदत हवी आहे: डाळिंबावर परदेशी ढालकिडा आलाय का? उद्या फवारणी आहे

दोन_एकर_भगवा:
सांगोला तालुका. बागेत भलतेच किडे झालेत. व्हिडिओत बघितलं, आशियातला कुठला तरी ढालकिडा (लेडीबर्ड) अमेरिका-युरोपभर पसरलाय आणि तिथल्या चांगल्या ढालकिड्यांना खातोय. तोच आलाय वाटतं. पंपवाला उद्या सकाळी सातला येतोय. मारू का नको, एवढंच सांगा.

किडेवाला_काका:
रंग कोणता? ठिपके किती? पानावर की फळावर? फोटो टाका.

दोन_एकर_भगवा:
रानात रेंज नाही, फोटो चढत नाही. फळावर, देठापाशी. ठिपके नाहीत.

बाळीवेसकर:
दशपर्णी अर्क मारा, विषय संपला. आमच्या जास्वंदीचा मावा दोन फवाऱ्यांत गेला.

थेम्सकाठचा_सोलापूरकर:
व्हिडिओतला तो हार्लेक्विन. अमेरिकेत मावा खायला मुद्दाम सोडला, 1988 मध्ये लुइझियानात पक्का बसलेला सापडला. आमच्या इंग्लंडात 2004 मध्ये आला. थंडी पडली की खिडकीच्या चौकटीत शेकड्यांनी गोळा होतात. हात लावला की पिवळा, घाण वासाचा रस सोडतात. द्राक्षांबरोबर चिरडले तर वाइनची चव जाते.

बाळीवेसकर:
आपल्याकडं वाइन पितंय कोण? बेदाण्याला वास लागतो का ते सांगा.

किडेवाला_काका:
अहो बेदाणा राहू द्या. भगवा, ठिपके नाहीत मग दिसतंय काय?

दोन_एकर_भगवा:
पांढरं, केसाळ, कापसासारखं. पिठ्या ढेकूण आहेच, पण त्यात काही मोठे आहेत. ते बाहेरचे असणार.

किडेवाला_काका:
हे आधी सांगायचं की! मोठ्याला काडी लावा. पिठ्या ढेकूण जागचा फारसा हलत नाही. सेंटीमीटरभर लांब, अंगावर मेणाच्या लांब झिपऱ्या, आणि काडी लागताच चालू पडला, तर ती क्रिप्टोलेमस या ढालकिड्याची अळी. तीच पिठ्या ढेकूण खाते. वाढ पूर्ण झालेला भुंगा काळा, डोकं आणि मागचं टोक नारिंगी, ठिपका एकही नाही. औषध मारलंत तर राखणदारच माराल.

बाळीवेसकर:
म्हणजे हाही परदेशीच ना? उद्या हाच डोक्यावर बसला तर?

किडेवाला_काका:
ऑस्ट्रेलियाचा आहे. 1898 मध्ये दक्षिणेत कॉफीवरच्या किडीसाठी आणला. सव्वाशे वर्षं झाली, अजून कोणाच्या डोक्यावर बसलेला नाही. हार्लेक्विन दुसऱ्या ढालकिड्यांची अंडी-अळ्या खातो म्हणून तो नडला. दोघांना एका मापानं मोजू नका. भगवा, झाडावर मुंग्या आहेत का? पिठ्याच्या चिकट गोडासाठी मुंग्या त्याची राखण करतात आणि या अळ्यांना हुसकावतात. आधी त्यांचा बंदोबस्त करा.

रोपवाटिका_मोहोळ:
तेल्यावर जालीम उपाय आहे का कुणाकडं? आणि भगव्याची रोपं कुठं मिळतील?

बाळीवेसकर:
दशपर्णी.

किडेवाला_काका:
तेल्या जिवाणूचा रोग आहे बाबा, अर्कानं कसा जाईल? केगावच्या डाळिंब संशोधन केंद्रात जाऊन विचारा. भगवा, काडी लावली का?

दोन_एकर_भगवा:
लावली. एक पळाली, तीन नुसत्याच बसल्या. मुंग्या खंडीभर आहेत. पंपवाल्याला फोन केला, तो म्हणतो आगाऊ घेतलेले पैसे परत मिळणार नाहीत. आणि वडील म्हणतायत दोन ओळी कालच मारल्या, मला न विचारता. त्या ओळींत आता पळणारं एकही नाही, पिठ्या मात्र तसाच आहे.

किडेवाला_काका:
उरलेल्या ओळींना हात लावू नका.

बाळीवेसकर:
पंपवाला कोण हो? आमच्याकडंही येतो का?