पोटरी, पिंढरी की आणखी काही?

शमा_अनुवाद: वयामुळे अंगावरचं मांस कमी होतंय का ते बघणाऱ्या ज्येष्ठांच्या तपासणी शिबिरासाठी एक सूचनापत्रक मराठीत करते आहे. मजकूर साधा आहे. खुर्चीत बसा, पाऊल जमिनीवर सपाट टेकवा, गुडघा काटकोनात ठेवा आणि पोटरीच्या सगळ्यात जाड भागाभोवती टेप गुंडाळून घेर मोजा. टेप कातडीला टेकावा, रुतू नये. पुरुषांत ३४ आणि स्त्रियांत ३३ सेंटीमीटरपेक्षा कमी भरला तर पुढची तपासणी करायची (आशियाई तज्ज्ञगटाचे २०१९ चे आकडे). मी 'पोटरी' लिहून मोकळी झाले होते. काल घरी येणाऱ्या मावशींना वाचून दाखवलं. त्या बीडकडच्या. म्हणाल्या, "पोटरी जवारीला येती ताई, माणसाला पिंढरी असती." आता काय ठेवू?

सदाशिव_६२: पोटरीच ठेवा. पोटऱ्यांत गोळे येतात, चढ चढून पोटऱ्या भरून येतात. पिंढरी हा हिंदी पिंडलीचा परिणाम असावा.

गोदाकाठ: काका, हे मान्य नाही. आमच्या आजीला हिंदीचा गंध नव्हता आणि रोज संध्याकाळी ती "पिंढऱ्या दाबून दे रं" म्हणायची. मूळ संस्कृत पिंडिका. सुश्रुतसंहितेत मांसक्षयाच्या लक्षणांत कोणकोणते भाग सुकतात ते सांगितलंय, त्यात मांड्या, मान, पोट यांच्या जोडीला पिंडिका आहेच. म्हणजे मांस झडलं की पिंढरी वाळते हे आपल्याकडे फार पूर्वी नोंदलेलं आहे.

अनघा_वै: मग पोटरी पोटावरून आली असेल का? तिथल्या मोठ्या स्नायूचं वैद्यकातलं नाव गॅस्ट्रोक्नेमियस. ग्रीकमध्ये त्याचा अर्थच 'पायाचं पोट'! ज्वारीचं कणीस बाहेर पडण्याआधी ताटाचा वरचा भाग फुगतो, त्यालाही पोटरी. दोन्हीकडे फुगवटाच. मावशींचं म्हणणं तोडू नका, त्यांच्या शब्दात शेत आहे.

सदाशिव_६२: स्नायू म्हणू नका. आयुर्वेदात स्नायू म्हणजे हाडं-सांधे बांधणारे तंतू. मांसाला पेशी.

गोदाकाठ: आणि शाळेत पेशी म्हणजे सेल शिकवतात. पत्रकात 'पेशी कमी होतात' लिहिलं तर वाचणारा रक्ततपासणीचा कागद काढून दाखवेल. रूढ झालेला शब्द आता कुणी मागे नेऊ शकत नाही.

सदाशिव_६२: अशाने चूक कायमची होते. वयामुळे मांस झडण्याला डॉक्टर सार्कोपेनिया म्हणतात; तो शब्द अमेरिकी संशोधक रोझेनबर्ग यांनी १९८९ मध्ये ग्रीकमधूनच बनवला: मांस अधिक उणीव. आपल्याकडे 'मांसक्षय' तयार आहे, तो का टाकायचा?

शमा_अनुवाद: कारण 'क्षय' वाचलं की आमच्या सोसायटीतल्या आजी टीबी समजतात. मला 'अंगावरचं मांस झडणं' हवंसं वाटतंय. मूळ प्रश्न पोटरीचा होता 🙏

फिजिओ_नेहा: मी रोज मोजते. शब्द कुठलाही घ्या, पण 'जाड भाग' एवढ्यावर थांबू नका. त्या जागेच्या थोडं वर आणि थोडं खालीही मोजायला सांगा, म्हणजे सगळ्यात मोठा आकडा मिळाला याची खात्री होते. आणि सुजेबद्दल एक ओळ टाकाच. माझ्या सासऱ्यांचा घेर ३६ भरला तेव्हा घरात सगळे खूश. मी नडगीवर अंगठा दाबून धरला आणि उचलला, तर खळगा तसाच राहिला. पाणी होतं ते, मांस नव्हे. त्या दिवसापासून आधी अंगठा, मग टेप.

अनघा_वै: हे अतिशय मोलाचं. 'परीघ' न लिहिता 'घेर' लिहिलंत तेही छान. परीघ वहीतल्या वर्तुळाला, घेर झाडाच्या बुंध्याला आणि परकराला.

सदाशिव_६२: घेर फार सैल वाटतो. परीघ नेमका आहे.

फिजिओ_नेहा: टेप नसेल तर जपानमधली एक रीत सांगते. दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या जुळवून कडं करायचं आणि पोटरीच्या सगळ्यात जाड भागाभोवती धरायचं. बोटं टेकली नाहीत तर चांगलं, आणि कड्यात पाय सैल राहून फट दिसली तर डॉक्टरांना दाखवायचं. या कड्याला मराठीत काही शब्द आहे का? चिमूट, मूठ, पसा, ओंजळ, वीत, सगळं आहे आपल्याकडे.

गोदाकाठ: कवळ?

अनघा_वै: कवळ दोन्ही हातांच्या मिठीत मावेल एवढं. कडब्याची कवळ. बोटांचं नाही.

सदाशिव_६२: 'अंगुलिवलय' करता येईल.

गोदाकाठ: काका, ऐंशीच्या आजींना वाचायचंय ते! आमच्याकडे मेथीची जुडी विकत घेताना बाया असंच बोटांचं कडं करून बघतात, त्याला त्या काहीतरी म्हणतात. रविवारी बाजारात विचारतो.

शमा_अनुवाद: नक्की विचारा. आणि त्याच बायांना स्वतःच्या पायाकडे बोट दाखवून "याला काय म्हणता?" तेही विचारून याल का? पत्रक सोमवारी छापायला जातंय.