मदत हवी आहे: बीएस्सी केमिस्ट्री, सहा वर्षं क्यूसी लॅब, आता एमसीए (संगणकातली पदव्युत्तर पदवी) करता येईल का?

नमस्कार मंडळी,

आधी माझी माहिती देते, म्हणजे सल्ला द्यायला सोपं जाईल.

मुंबई विद्यापीठातून 2019 साली बीएस्सी केमिस्ट्री, 48 टक्के. शेवटच्या वर्षी आईचं आजारपण होतं आणि परीक्षेच्या आदल्या रात्रीही मी दवाखान्यात असायचे. बारावीला पीसीएमबी होतं, गणितात 61. प्रवर्ग ओबीसी. बाबा एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले, धाकटा भाऊ आयटीआयला आहे. मी लोटे एमआयडीसीत एका औषध कंपनीच्या क्यूसी (गुणवत्ता तपासणी) लॅबमध्ये आहे. तीन पाळ्या, खेडहून कंपनीची बस.

दिवसभराचं काम म्हणजे सॅम्पल तयार करायचं, एचपीएलसीवर (औषधातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) लावायचं, आलेखावरचे पीक म्हणजे उंचवटे तपासायचे, निकाल काढून सही करायची. कामाचा कंटाळा नाही. पण दोन वर्षांपूर्वी एक गोष्ट घडली आणि मन दुसरीकडे वळलं. ऑडिटला आलेल्यांनी आमची अ‍ॅसे (औषधात मूळ घटक किती आहे ते) काढायची एक्सेल शीट उघडायला सांगितली आणि विचारलं, "हे सूत्र कुणी लिहिलं, कुणी तपासलं, आणि उद्या कुणी बदललं तर तुम्हाला कसं कळणार?" कुणाकडेच उत्तर नव्हतं. नंतर मी आणि एक सीनियर सर, दोघांनी पंधरा दिवस बसून प्रत्येक शीटचं प्रत्येक सूत्र कॅल्क्युलेटरवर हाताने करून ताडून पाहिलं, सेल लॉक केले, शीटला आवृत्ती क्रमांक दिले, मुद्दाम चुकीचे आकडे टाकून शीट काय करते ते लिहून ठेवलं. तसं काम मी आयुष्यात कधी केलं नव्हतं. घरी आल्यावरही तेच डोक्यात असायचं. तेव्हापासून रात्रपाळीनंतर झोप झाली की दुपारी पायथॉन शिकते. लूप, फंक्शन, फाइल वाचणं इथवर आले आहे.

आता रीतसर शिकायचं आहे. शोधाशोध केली ती अशी:

सीडॅक या सरकारी संगणक संस्थेचा पीजी-डॅक हा सहा महिन्यांचा डिप्लोमा सगळ्यांनी सुचवला. माहितीपत्रक वाचलं तर तिथे इंजिनिअरिंगची पदवी किंवा एमसीए लागतं, नाहीतर गणित, संख्याशास्त्र, भौतिकशास्त्र अशा विषयांतली पदव्युत्तर पदवी. नुसत्या बीएस्सी केमिस्ट्रीला दार बंद.

एमसीए सीईटी देता येईल असं एक मैत्रीण म्हणाली, पण पदवीला 50 टक्के हवेत म्हणे. माझे 48.

इग्नूचं एमसीए नोकरी सांभाळून होईल असं वाटतं. पण ज्यांची पदवी संगणकाची नाही त्यांना पहिल्या सत्रात दोन जादा विषय घ्यावे लागतात, प्रोग्रॅमिंग आणि डेटा स्ट्रक्चर (माहिती मांडून ठेवायच्या पद्धती). शिवाय प्रात्यक्षिकांना हजेरी सक्तीची. पाळ्या सांभाळून हे कसं जमवायचं?

आणि एक चूक करून बसले आहे, तीही सांगते. पुण्यातल्या एका खासगी क्लासने ऑनलाइन फुल स्टॅक (संपूर्ण वेबसाइट बनवायचा) कोर्स आणि शंभर टक्के नोकरी असं सांगितलं, मी 15 हजारांचा पहिला हप्ता भरला. दोन महिन्यांत तीन शिक्षक बदलले, शंका विचारली तर रेकॉर्डिंग बघा म्हणायचे. सोडलं. पैसे परत मिळाले नाहीत. आता बाबांकडे पैसे मागायचे नाहीत, हे मी ठरवलं आहे.

माझे प्रश्न: 48 टक्क्यांवर एमसीए खरंच बंद आहे का? दोन वर्षं नोकरी सोडणं शहाणपणाचं आहे का? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, सहा वर्षांची केमिस्ट्री पुसून टाकून बावीस वर्षांच्या मुलांबरोबर शून्यापासून रांगेत उभं राहायचं, की ती कुठे उपयोगी पडते?

— धागाकर्ती

प्रतिसाद: माळरान

ताई, आधी टक्क्यांची भीती काढून टाका. एमसीएला 50 टक्के लागतात ते खुल्या प्रवर्गाला. महाराष्ट्रातल्या मागास प्रवर्गाच्या उमेदवारांना 45 चालतात. दुसरी अट म्हणजे बारावीला किंवा पदवीला गणित. ते तुमच्याकडे आहे. बारावीला गणित सोडून फक्त बायोलॉजी घेतलेली मुलं इथेच अडकतात. माझी स्वतःची बहीण अडकली.

मी बीएस्सी बॉटनी, नंतर एमसीए. तेव्हा ते तीन वर्षांचं होतं. 2020-21 पासून दोन वर्षांचं झालं. कमी झालेलं एक वर्ष आपल्यासारख्यांनाच महागात पडतं हे लक्षात ठेवा. बीसीए करून आलेल्या मुलांचं सी, जावा, डेटाबेस आधीच झालेलं असतं. आपल्याला ब्रिज कोर्स देतात, पण शिक्षक वर्गात थांबत नाहीत. मी पहिल्या सत्रात लिंक्ड लिस्टवर (डेटा स्ट्रक्चरचाच एक प्रकार) रडले आहे. शेवटी कागदावर चौकोन काढून, बाण खोडून परत काढून समजली. तुमच्याकडे वेळ आहे, तर प्रवेशाच्या आधीच सी आणि डेटा स्ट्रक्चर उरकून ठेवा. पायथॉन येतं म्हणून सी टाळू नका.

सीईटीत 100 प्रश्न आणि 90 मिनिटं. गणित-संख्याशास्त्र, तर्क, इंग्रजी आणि संगणकाची तोंडओळख. चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. बारावीचं गणित पुस्तक माळ्यावरून काढा.

फीचं ऐका, हे फार महत्त्वाचं आहे. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क 100 टक्के माफ आहे, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल तर. मात्र प्रवेश कॅप (सरकारी केंद्रीय प्रवेश) फेरीतूनच हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतलात तर एक पैसा माफ होणार नाही. कॉलेजवाले "सीट आत्ताच पक्की करा" म्हणून घाई करतात, त्याला बळी पडू नका. नॉन-क्रीमीलेअर आणि उत्पन्नाचा दाखला आजच सेतूत टाका. माझ्या वर्गातल्या दोघींची जागा दाखल्याला उशीर झाला म्हणून गेली.

आता कटू भाग. कॅम्पसला येणाऱ्या बऱ्याच मोठ्या कंपन्या दहावी, बारावी, पदवी सगळीकडे 60 टक्के मागतात आणि शिक्षणातला खंडही मोजतात. 48 टक्क्यांवर ते फॉर्म तुम्हाला भरताच येणार नाहीत. एमसीएला 80 पडले तरी. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. मला पहिली नोकरी कॅम्पसमधून नाही, सहा महिने फिरून एका छोट्या कंपनीत मिळाली.

प्रतिसाद: आर्द्रा

माळरान म्हणतात ते सगळं बरोबर आहे, पण तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर वेगळं आहे आणि ते तुम्ही स्वतःच वर लिहून ठेवलं आहे.

पंधरा दिवस एक्सेल शीट घेऊन जे केलंत, त्याला कॉम्प्युटर सिस्टम व्हॅलिडेशन म्हणतात. आमच्याकडे नुसतं सीएसव्ही. सूत्र ताडणं, मुद्दाम चुकीची माहिती टाकून बघणं, आवृत्ती, कोण काय बदलू शकतो, सगळं लेखी. अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएचा 21 सीएफआर पार्ट 11 हा नियम 1997 पासून आहे. इलेक्ट्रॉनिक नोंद आणि इलेक्ट्रॉनिक सही कागदाइतकी भरवशाची कधी मानायची, हे त्यात आहे. तिकडे माल पाठवणाऱ्या प्रत्येक औषध कंपनीला तो पाळावा लागतो. एचपीएलसीचं सॉफ्टवेअर, लिम्स (लॅबच्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर), गोदामाची प्रणाली, सगळ्याला व्हॅलिडेशन लागतं.

मी नवी मुंबईत हेच काम करते. आमच्या टीममध्ये निव्वळ आयटीची मुलं येतात तेव्हा त्यांना ऑडिट ट्रेल (कुणी, कधी, काय बदललं याची नोंद) म्हणजे डेटाबेसमधलं एक टेबल वाटतं. पीक हाताने इंटिग्रेट केला (त्याच्या सीमा स्वतः आखून क्षेत्रफळ मोजलं) तर त्यात काय खोट असू शकते, हे त्यांना समजावताना महिने जातात. तुम्ही ते रोज बघता. इथे बीएस्सीचे टक्के कुणी विचारत नाही, "ऑडिटला समोर बसली आहेस का" हे विचारतात.

म्हणून माझं मत: नोकरी सोडू नका. इग्नूचं एमसीए घ्या. कमीत कमी दोन वर्षं, पण चार वर्षांपर्यंत पुरं करता येतं, त्यामुळे एखाद्या सत्रात दोनच विषय दिलेत तरी चालेल. आणि आताच्याच कंपनीत क्यूएला (गुणवत्ता हमी विभाग) किंवा आयटीला भेटून पुढच्या व्हॅलिडेशनच्या कामात नाव घालायला सांगा. एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) शिका, पायथॉनच्या आधी तेच लागेल. गॅम्प 5 (अशा व्हॅलिडेशनची मार्गदर्शिका) हा शब्द लिहून ठेवा, मुलाखतीत पहिल्या पाच मिनिटांत येतो.

प्रतिसाद: टेम्सकाठ

परदेशाचा विचार मनात असेल तर एवढंच: ब्रिटनमध्ये दुसऱ्या शाखेच्या पदवीधरांसाठीच एका वर्षाचं एमएस्सी कॉम्प्युटर सायन्स असतं, त्याला कन्व्हर्जन कोर्स म्हणतात. बर्मिंगहॅम, ब्रिस्टलला आहे. पण तिथे पदवीचे गुण बघतात आणि परदेशी विद्यार्थ्यांची फी प्रचंड आहे. तुमच्या परिस्थितीत मी कर्ज काढून या असं म्हणणार नाही.

धागाकर्ती

आर्द्राताई, तुमचा प्रतिसाद बसमध्ये वाचला आणि उतरायचा थांबा चुकला. मी जे केलं त्याला नाव आहे, त्याची नोकरी असते, हे सहा वर्षांत लॅबमध्ये मला कुणी सांगितलं नाही.

माळरान, काल सुट्टी होती. सेतूत जाऊन दोन्ही दाखल्यांचे अर्ज टाकले. सीईटीचा फॉर्मही भरणार आहे, फी माफ होणार असेल तर ते दार उघडं ठेवायचं. निकाल बघून ठरवेन.

क्यूएच्या मॅडमना आज भेटले. लॅबमध्ये पुढच्या महिन्यात नवीन लिम्स येतंय, त्यांनी माझं नाव चाचण्या लिहिणाऱ्यांत घातलं. आठ जणांत लॅबमधली मी एकटीच.

एक शेवटचं विचारते. चाचणीची स्क्रिप्ट मी याआधी कधी लिहिलेली नाही. सॅम्पलची नोंद करण्यापासून निकालावर सही होईपर्यंत एकच लांब चाचणी लिहायची, की प्रत्येक पायरीची वेगळी?

प्रतिसाद: आर्द्रा

वेगळी. लांब चाचणी मध्येच फसली की पहिल्यापासून सगळी परत करावी लागते. आणि प्रत्येक पायरीला "काय व्हायला हवं" हे चाचणी चालवायच्या आधी लिहा, नंतर नाही. पहिला मसुदा झाला की कंपनीचं नाव आणि आकडे काढून टाका, मला व्यनि (खासगी निरोप) करा. रविवारी बघून देते.