पाचोऱ्याचा ‘ऱ्या’ आणि न दिसणारा ‘जोडक’

(बोलणाऱ्यांची नावं म्हणजे त्यांची गावं.)

जळगाव : ‘नियंत्रण-चिन्ह’ या शब्दात नेमकं काय काय येतं? एक्सेलमधल्या गावांच्या यादीत ‘पाचोऱ्याचे’ शोधलं तर काही ओळी सुटतात. त्याचं खापर कुठल्या चिन्हावर फोडायचं?

भुसावळ : भाऊ, दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. संगणकाच्या युनिकोड यादीत प्रत्येक अक्षराला, चिन्हाला एक क्रमांक असतो. नियंत्रण-चिन्हं म्हणजे त्यातले ० ते ३१ आणि १२७ ते १५९ हे क्रमांक. टॅब ९, नवी ओळ १०; १३ म्हणजे टेलिप्रिंटरचं कॅरेज (छपाईचा सरकता भाग) ओळीच्या सुरुवातीला परत आणायची आज्ञा. इथली खोडी त्यांची नाही, ८२०५ ची आहे : झीरो विड्थ जॉइनर, म्हणजे अक्षरं कशी जोडायची ते सांगणारं, स्वतः न दिसणारं चिन्ह. युनिकोडमध्ये तो ‘फॉरमॅट’ गटात बसतो. ‘शून्यरुंद जोडक’ हा शब्द मला बरा वाटतो. ‘नियंत्रण’ म्हटलं की एक्सेलमध्ये लोक ‘क्लीन’ हे सफाईचं सूत्र लावतात. ते ० ते ३१ तेवढे झाडतं, जोडक जागचा हलत नाही.

‘पाचोऱ्या’ दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात नुक्त्याचा ऱ, हलन्त, य. दुसऱ्यात साधा र, हलन्त, जोडक, य. पडद्यावर दोन्ही हुबेहूब. पण ‘लेन’ हे चिन्हं मोजणारं सूत्र लावून बघा : पहिल्याला ८, दुसऱ्याला ९. यूटीएफ-८ मध्ये (मजकूर साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत) २४ आणि २७ बाइट, कारण एकट्या जोडकाला तीन लागतात (२२६, १२८, १४१). शोध आकारावर चालत नाही, क्रमांकांवर चालतो.

अमळनेर : मग जोडक सरसकट उडवला तर?

भुसावळ : मुळीच नको, ताई. र आणि य यांच्यातला जोडक गेला की र वर चढून रफार होतो. सातपुड्याच्या ‘दऱ्या’ होतात ‘दर्या’, म्हणजे डोंगराचा थेट समुद्र. ‘वऱ्हाड’चीही तीच गत. आधी कॉलमची प्रत काढा. मग ‘सब्स्टिट्यूट’ या अदलाबदलीच्या सूत्रात र, हलन्त आणि युनिकॅर ८२०५ (क्रमांकावरून चिन्ह देणारं सूत्र, इथे जोडक) या तिघांच्या जागी ऱ आणि हलन्त घाला. नंतर पुन्हा ‘लेन’ तपासा; शोधायचा शब्दही त्याच पद्धतीने टाइप केलेला हवा.

शहादा : एनएफसी सामान्यीकरणाने, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करायच्या युनिकोडच्या पद्धतीने, भागत नाही का?

भुसावळ : नाही. ते र (२३५२) आणि सुटा नुक्ता (२३६४) यांचा एक ऱ (२३५३) करतं. जोडकाला हात लावत नाही.

शहादा : जोडकाच्या शेजारचा ८२०४ (झीरो विड्थ नॉन-जॉइनर) यात धरू नका. तो विलगक, जोडाक्षर न होऊ देता क चा मोडलेला पाय तसाच दाखवतो : ‘क्‌ष’. ऱ शी त्याचं देणंघेणं नाही, राहू द्या.